दुसरा घास

इलारिया कोपाच्या तोंडाला कुणी लागत नसे. वायलापंपा गावात तिच्याइतकं स्पॅनिश कुणाला येत नव्हतं आणि तिच्यासारखी नक्कलही कुणाला जमत नव्हती. या दोन्ही गोष्टी ती एकाच ठिकाणी शिकली होती: पोतोसी शहरात, एका वकिलाच्या घरी, भांडी घासता घासता. अकराव्या वर्षी तिला तिथं कामाला ठेवली तेव्हा गावच्या केचुआ भाषेखेरीज एक शब्द येत नव्हता. मालकीण जे बोले ते ती पाठमोरी उभी राहून जसंच्या तसं ओठांत घोळवायची. सूर, नाकातला हेल, मधला उसासा, सगळं. अर्थ मागाहून कळले. त्यामुळे इलारियाचं स्पॅनिश म्हणजे एका चिडक्या, दम्याच्या, श्रीमंत बाईचं स्पॅनिश होतं, आणि सरकारी माणसं ते ऐकून नकळत खुर्चीतून उठत.

नवरा खाणीची धूळ छातीत भरून गेला. मूलबाळ झालं नाही. बत्तिसाव्या वर्षी ती गावी परतली आणि शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. ऐंशी पोरांचं सूप, ऐंशी पोरांचे बटाटे. त्याशिवाय एक बिनपगारी काम तिच्या गळ्यात पडलं. गावच्या दवाखान्यात दरवर्षी शहरातून नवी नर्स यायची. तिला केचुआ येत नसे आणि बायकांना स्पॅनिश. मग कुणीतरी पळत वसतिगृहात यायचं आणि इलारिया हातातल्या डावासकट निघायची.

एकदा एक नर्स पाऊण तास बोलली. जंतू, साबण, नखं, जबाबदार माता. बायका टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या. शेवटी इलारियानं भाषांतर केलं, "हात धुवा म्हणतेय. पाणी कुठून आणायचं ते सांगत नाही."

"एवढंच?" नर्सनं विचारलं.

"आमची भाषा आखूड आहे, सेन्योरिता," इलारिया मालकिणीच्या नाकातून म्हणाली.

सांतुसाचा मुलगा लिंबेर भाजला तेव्हाही तिलाच बोलावलं. सांतुसाचा नवरा चिलीत द्राक्षं तोडायला गेलेला. ही एकटी चुलीशी. मक्याच्या पिठाची लापशी, लावा, उकळत होती आणि दोन वर्षांचं पोर कोंबडीच्या पिलाच्या मागं धावता धावता भांड्यावर पडलं. हनुवटी, गळा, छाती. नर्सनं दोन महिने पट्ट्या केल्या. जीव वाचला. जखम भरलीही, पण भरताना कातडी आकसत गेली, उन्हात टाकलेलं मेंढीचं चामडं आकसतं तशी, आणि तिनं पोराची हनुवटी खाली ओढून छातीला चिकटवून टाकली.

तीन वर्षांचा लिंबेर सगळं जग भुवयांखालून बघायचा. खालचा ओठ बाहेर उलटलेला, सूप निम्मं पोटात आणि निम्मं अंगरख्यावर. मान सदा खाली म्हणून पोरं त्याला छोटा पाद्री म्हणत आणि समोर येऊन पापं कबूल करत: "फादर, मी तुमची भाकरी खाल्ली." तो हसायचा. हसला की लाळ गळायची. आकाशात विमान गेलं की तो जिथं असेल तिथं पाठीवर आडवा व्हायचा. त्याशिवाय त्याला आकाश दिसत नसे.

शहराच्या इस्पितळात परदेशी डॉक्टर पाच दिवसांसाठी येणार, भाजलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया फुकट करणार, हे इलारियानं रेडिओवर ऐकलं. त्यासाठी सरकारी शिक्क्याची चिठ्ठी लागणार होती. ती तीनदा तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकून पहिल्यांदा म्हणाला, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा साहेब होते, शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा शिक्का होता, पण "शाई वाळलीय हो बाई, दोन्या इलारिया, आता काय करायचं?" इलारियानं बोट जिभेला लावलं, शिक्क्यावर फिरवलं, स्वतःच कागदावर दाबला आणि वकिलीणबाईंच्या आवाजात म्हणाली, "सही." त्यानं केली.

सोमवारी तिघं इस्पितळात पोचली. इलारियानं वसतिगृहात आठवड्याची रजा टाकली होती. पंधरा वर्षांतली पहिली.

तिथं बोलण्याची एक साखळीच होती. डॉक्टरांची भाषा नर्स ग्लादिसला येई, ग्लादिसचं स्पॅनिश इलारियाला आणि इलारियाचं केचुआ सांतुसाला. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीण चांगली उंच, पोराशी बोलताना जवळजवळ जमिनीवर बसायची. ती बराच वेळ बोलली. ग्लादिसनं सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, गळ्यावरची आकसलेली त्वचा छेदून मान मोकळी करायची आणि उघड्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागावरची पातळ त्वचा बसवायची."

"ठिगळ लावणार," इलारिया म्हणाली. सांतुसाला लगेच कळलं.

भूल देणारा डॉक्टर टकला होता. त्यानं साखळीची वाटच पाहिली नाही. त्यानं खोटंखोटं जेवण केलं, बोटं चाटली, फरशीवर आडवा होऊन घोरला, मग पोटातलं अन्न वर आल्याचं, घशातून फुप्फुसात उतरल्याचं आणि आपण बुडत असल्याचं असं काही करून दाखवलं की रांगेतल्या एका आजीनं क्रूस काढला. इलारियाला हा माणूस आवडला. नक्कल चांगली करत होता. उठून, अंग झटकून तो म्हणाला, आणि ग्लादिसनं सांगितलं, "याची मान वाकलेली, नळी घालायची वाट आधीच अवघड. पोटात काही असेल आणि उलटी झाली, तर मी काही करू शकणार नाही. आदल्या रात्रीनंतर याच्या तोंडात काही जाता कामा नये."

"कळलं?" इलारियानं सांतुसाला विचारलं.

"कळलं, तिया." गावात मावशीला तिया म्हणत. " खाऊन झोपला तो मेला ना."

बुधवारचा दिवस मिळाला. आणि मंगळवारी ग्लादिस कातरी घेऊन आली.

ठिगळाची कातडी डोक्यावरून काढायची होती. डोक्याची जखम लवकर भरते, वर केस आले की खूणही दिसत नाही. त्यासाठी पोराचं मुंडण करायचं. लिंबेरचे केस जन्मापासून कापलेले नव्हते. पाठीवर दोन जाड वेण्या, आत गुंतवळ. सांतुसानं त्या वेण्या मुठीत धरल्या आणि भिंतीला जाऊन चिकटली.

"त्याचं जावळ व्हायचंय."

"डॉक्टर करतील की जावळ," ग्लादिस म्हणाली. ती शहरातली. "फुकटात."

इलारियानं हे भाषांतर केलंच नाही. पहिलं जावळ म्हणजे रुतुचा. ते धर्मबापानं आपल्या हातानं उतरवायचं. परक्यानं आधी कातरी लावली तर पोराचा जीव केसांबरोबर सुटा होतो आणि भटकतो, हे वायलापंपात कुणाला शिकवावं लागत नाही. इलारियालाही शिकवावं लागलं नव्हतं. इतरांच्या अनेक गोष्टींवर ती हसायची; या गोष्टीवर नाही. आणि दुसरंही होतं. लिंबेरचा ठरलेला धर्मबाप होता ताता कासिमिरो विल्का, ट्रकवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. गावात दोन ट्रक होते, दोन्ही त्याचे.

"त्याला डावललं तर आमचे बटाटे बाजारात कोण नेणार, तिया?" सांतुसा म्हणाली. "तू डोक्यावर नेशील?"

इलारिया डॉक्टरणीकडं गेली. ग्लादिसला मध्ये उभं केलं आणि मालकिणीचा आवाज बाजूला ठेवून साध्या आवाजात म्हणाली, दोन दिवस द्या. उंच डॉक्टरणीनं यादी पाहिली, टकल्याशी बोलली, डोकं खाजवलं. शुक्रवार, सकाळी अकरा. शेवटचा. शनिवारी ते विमानात बसणार.

मग इलारियानं कासिमिरोला फोन लावला. कासिमिरो फोनवरसुद्धा व्यासपीठावरून बोलायचा.

"दोन्या इलारिया, या ठिकाणी मी आपल्याला एवढंच सांगू इच्छितो की माझा धर्मपुत्र हा माझा धर्मपुत्र आहे."

"ते माहीत आहे, ताता. तुम्ही येणार कधी?"

"गुरुवारी. सूर्य मावळायच्या आत. कासिमिरो विल्का शब्द देतो तेव्हा..."

"गुरुवार," इलारिया म्हणाली, "म्हणजे गुरुवार. ताता, शुक्रवारी अकराला पोर आत गेलं नाही, तर पुन्हा वर्षभर मान खाली."

"शब्द दिला ना."

गुरुवारी सूर्य मावळला. फोन बंद. रात्री ग्लादिसनं लिंबेरला सूप पाजलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठळक अक्षरांत 'तोंडाने काही नाही' लिहून तो पट्टीच्या दोरीनं त्याच्या गळ्यात अडकवला. सकाळी तो भुकेनं कुरकुरला, पुठ्ठा चावला. मग विमान दिसेल म्हणून अंगणात बाकावर पाठीवर पडून राहिला. सांतुसा फाटकाकडं बघत होती. इलारिया घड्याळाकडं.

साडेनऊला ट्रक आला. फक्त कासिमिरो नव्हे, अख्खा ट्रक भरून गाव आलं होतं: काका, काकू, ढोलवाला, बासरीवाले दोघे, चिचाचा, मक्याच्या दारूचा, घडा, उकडलेल्या अंड्यांची टोपली, आणि लाल फीत बांधलेली कातरी. रात्री घाटात टायर फुटला, कासिमिरो म्हणाला. ढोलवाल्याच्या तोंडाला येणारा वास वेगळं काही सांगत होता.

"वेळ नाही, ताता," इलारिया म्हणाली. "केस काढा, बाकी सगळं घरी."

"घाईत उतरवलेलं जावळ म्हणजे मेंढीची लोकर," कासिमिरो म्हणाला, आणि लोक हसले. इलारियाही हसली, कारण उत्तर चांगलं होतं.

इस्पितळाच्या अंगणात चादर अंथरली. केस मोकळे करायला पुठ्ठा आड येत होता, तेव्हा कुणीतरी तो काढून बाकावर ठेवला. इलारियानं ते पाहिलं. ढोल सुरू झाला, खिडक्यांत रोगी जमले. कासिमिरोनं टोपी काढली, गुडघ्यांवर बसला, आणि त्याचं भाषण आपोआप बंद पडलं. पहिली बट कापून त्यानं विणलेल्या कापडावर ठेवली आणि पोराच्या वाकलेल्या मानेला हळूच हात लावला. मग काका, मग काकू. पाऊण तासात लिंबेरचं डोकं उघडं पडलं, लहान आणि फिकट, कुणाचं तरी भलत्याचंच वाटावं असं. त्यानं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि विचारलं, "मी कुठाय?" सगळे हसले. सांतुसा रडली. सव्वादहा झाले होते. जमतंय, इलारिया मनात म्हणाली.

तेवढ्यात कासिमिरोनं टोपलीतलं अंडं सोललं.

जावळ उतरलेल्या पोराला पहिला घास धर्मबापाचा. त्यानंतर ते माणसांत धरलं जातं. हे इलारियानं आयुष्यात शंभरदा पाहिलं होतं, शंभरदा त्यासाठी अंडी उकडली होती, आणि तरी गेले दोन दिवस तिनं फक्त केसांचाच विचार केला होता. ती पुढं झाली. शब्द ओठांवर आले: ताता, नको. साधे दोन शब्द. मालकिणीच्या आवाजात म्हटले असते तर कासिमिरोही उठून उभा राहिला असता. पण ट्रकभर गाव बघत होतं, ढोल थांबला होता, आणि लिंबेरनं तोंड उघडलंच होतं. घास गेला. बाहेर ओघळला तेवढा कासिमिरोनं आपल्या रुमालानं पुसला.

"दुसरा घास धर्मआईचा," तो म्हणाला. "माझ्या बायकोचे गुडघे धरलेत, ती आली नाही." त्यानं इलारियाकडं पाहिलं आणि उरलेलं अंडं तिच्यापुढं धरलं. "पोराला इथवर तुम्ही आणलंत. या, कोमाद्रे. तुम्ही भरवा."

कोमाद्रे. सत्तेचाळीस वर्षांत तिला ही धर्मआईची हाक कुणी मारली नव्हती. तिनं गावातल्या प्रत्येक पोराला जेवू घातलं होतं, पण धर्मआई व्हायला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्याकडं काय होतं, एक डाव आणि एक जीभ. गावासमोर एकदा कोमाद्रे म्हटलं की ते नातं मरेपर्यंत. बायकांनी सरकून तिला जागा केली.

एवढंसं तर आहे, इलारिया मनात म्हणाली. बोराएवढा तुकडा तिनं मोडला आणि लिंबेरच्या तोंडात घातला. त्यानं चघळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तिच्या खांद्यावर मूठभर रंगीत कागद उधळले.

पावणेअकराला तिनं पुठ्ठा पुन्हा त्याच्या गळ्यात अडकवला.

आतल्या दारापाशी टकला डॉक्टर हिरव्या टोपीत उभा होता. लिंबेरचं डोकं पाहून त्यानं शीळ घातली, स्वतःच्या टकलावर टिचकी मारली, मग पोराच्या. लिंबेर खूश. मग डॉक्टरनं काहीतरी विचारलं. ग्लादिस म्हणाली, "शेवटचं कधी खाल्लं?"

इलारियानं सांतुसाकडं पाहिलं. भाषांतराची गरज नव्हती. सांतुसा खाल मानेनं, घाईघाईत, केचुआत म्हणाली, "काल रात्री. काल रात्री सांग, तिया."

काचेच्या दारामागं कासिमिरो उभा होता, कागदाच्या टिकल्यांनी भरलेला. त्यानं मान हलवली: सांग की.

साखळी तिच्यापाशी येऊन थांबली होती. पलीकडं कुणाला केचुआ येत नव्हतं, अलीकडं कुणाला स्पॅनिश. तिनं काय सांगितलं हे तपासणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. टकला वाट बघत होता, तोच माणूस, जो सोमवारी फरशीवर बुडून दाखवत होता.

"आत्ता," इलारिया म्हणाली. "अंडं. दोन घास. एक धर्मबापानं दिला." मग म्हणाली, "एक मी दिला."

ग्लादिसनं डोळे मिटून घेतले. मग सांगितलं. टकला डॉक्टर भिंतीला टेकला. उंच डॉक्टरीण हातमोजे घालूनच बाहेर आली, घड्याळ पाहिलं, बोटांवर तास मोजले. बराच वेळ त्यांचं काहीतरी चाललं. शेवटी ग्लादिस म्हणाली, "पोट रिकामं व्हायला सहा तास लागतात आणि संध्याकाळी सामान जाणार आहे. म्हणतात, पुढच्या वर्षी यादीत पहिलं नाव याचं."

या वेळी भाषांतर करायला इलारियाला वेळ लागला. पण भाषा आखूड होती. "आज नाही," ती म्हणाली.

परतीच्या ट्रकमध्ये कासिमिरोला त्याचा आवाज परत मिळाला होता. "या ठिकाणी मला एवढंच म्हणायचंय, की तो पुठ्ठा मला त्याचा नंबर वाटला. मी सांगू शकतो का परदेशी लोकांना? मला भाषा येत नाही. जिला येते तिनं सांगितलं."

"'काल' एवढा एक शब्द तर बोलायचा होता," एक काकू म्हणाली.

"आणि पोर मेलं असतं तर?" इलारिया म्हणाली.

"अंड्यानं कुणी मरतं?" ढोलवाला म्हणाला, आणि ट्रक हसला.

लिंबेर सांतुसाच्या मांडीवर पाठीवर पडला होता, उघड्या डोक्यावर तिची शाल. त्या दिवसापासून कोमाद्रे ही हाक कुणी मारली नाही. कासिमिरोनंही नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टर आले. चिठ्ठी कासिमिरोनं काढली. शाई ओली होती. दुभाषी म्हणून त्याची सून गेली, तिला शहरातलं स्पॅनिश येत होतं. डॉक्टर आल्याचं इलारियाला फक्त रेडिओवर कळलं. ठिगळ बसलं, मान मोकळी झाली, लिंबेर उभ्यानं विमान बघू लागला. पण त्या वर्षभरात हाड वाढत राहिलं होतं, खाली ओढलेलंच. जबडा डावीकडं वाकडा झाला तो झालाच. आधी आला असता तर, एवढंच डॉक्टरीण म्हणाली म्हणे. ते वाक्य सुनेनं जसंच्या तसं गावात आणलं, आणि त्याचं पुढं काय करायचं ते गावाला ठाऊक होतं. कासिमिरोनं मेंढी कापली, पोराला खांद्यावर बसवून चौकात फिरवला. वसतिगृहाच्या मोठ्या कढया मागून नेल्या. स्वयंपाकाला इलारियाला बोलावलं नाही. कढया मात्र जळक्याच परत आल्या, त्या तिनं दोन दिवस घासल्या.

सहाव्या वर्षी लिंबेर वसतिगृहात आला. ताटली घेऊन रांगेत उभा राहिला. सरळ उभा, हनुवटी वर, डोळ्याला डोळा भिडवून.

"तिया, तुम्ही इलारिया?"

"हो."

"डॉक्टरला तुम्हीच सांगितलं?"

"मीच सांगितलं."

"का?"

मागं सत्तर पोरं ताटल्या वाजवत होती. इलारियानं डाव कढईत ठेवला. "खाल्लं होतंस म्हणून."

लिंबेरनं विचार केला. जबड्याच्या उजव्या बाजूनं, जिथं दात जुळत होते, त्यानं ओठ चावला.

"आई म्हणते, तुमच्या हातचं खायचं नाही."

"मग?"

"इथं दुसरं कोण वाढतं?"

"कुणी नाही."

"मग वाढा," लिंबेर म्हणाला, आणि ताटली पुढं केली. इलारियानं बटाटा डावानंच चेचून मऊ केला, वर सूप ओतलं. त्यानं आभार मानले नाहीत. ताटली घेऊन तो खोलीच्या पार टोकाला गेला, तिच्याकडं पाठ करून बसला आणि एका बाजूनं जेवू लागला.